ऋण की दान? रायगड किनाऱ्यावरील वीज आणि निवडीचे स्वातंत्र्य

ज्या वस्तूवाचून जगणे अडते ती बाजारातून विकत घेतली आणि तिची किंमत चुकती केली, म्हणजे घेणारा सर्व देण्यांतून मोकळा होतो काय, हा प्रश्न भारतीय धर्मविचाराला नवा नाही. अन्न आणि पाणी यांच्या संदर्भात तो फार पूर्वीपासून विचारला गेला आहे. विजेच्या संदर्भात तो महाराष्ट्रात गेल्या दोन दशकांत उभा राहिला, कारण या काळात वीज ही शासनाच्या एकाच मंडळाकडून मिळणारी सेवा न राहता एकाने निर्माण करावयाची, दुसऱ्याने वाहून न्यावयाची आणि काही ग्राहकांनी तरी आपल्या पसंतीच्या विक्रेत्याकडून घ्यावयाची वस्तू झाली. उरणपासून अलिबाग, मुरूड आणि श्रीवर्धनपर्यंतची रायगडची किनारपट्टी आणि तिच्या पाठीशी असलेले पेण, रोहे, महाड हे तालुके यांत या प्रश्नाची बहुतेक सगळी अंगे एकाच भूभागात भेटतात. येथे मुंबईसाठी वीज निर्माण करणारी शंभर वर्षांपूर्वीची जलविद्युत केंद्रे आहेत, समुद्रातील वायूवर चालणारे शासकीय केंद्र आहे, विजेचा प्रचंड वापर करणारे पोलाद, खते आणि पेट्रोरसायनांचे कारखाने आहेत, आणि स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे तारेची वाट पाहिलेले एक बेटही आहे.

प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी व्यवस्थेची रचना समजून घेणे आवश्यक आहे. १९६० मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ निर्मितीपासून घरच्या मीटरपर्यंतची सगळी कामे एकट्याने पाहत असे. मुंबईसारखे काही प्रदेश तेवढे त्याच्या कक्षेबाहेर होते. केंद्राचा विद्युत कायदा १० जून २००३ रोजी अमलात आला आणि त्याने ही एकसंध साखळी तोडली. वीज निर्माण करण्यासाठी परवान्याची गरज उरली नाही; उच्च दाबाच्या वाहिन्यांवरून वीज दूरवर नेणे, ज्याला पारेषण म्हणतात, आणि तेथून ती गावोगावी पोहोचवणे, म्हणजे वितरण, ही कामे परवान्याखाली राहिली; आणि निव्वळ खरेदी-विक्री करणारा व्यापारी हा एक नवा घटक कायद्याने मान्य केला. त्यानुसार ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या अस्तित्वात आल्या. दर ठरवण्याचा आणि परवाने देण्याचा अधिकार १९९९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे, म्हणजे शासन आणि कंपन्या या दोघांपासून वेगळ्या ठेवलेल्या अर्धन्यायिक संस्थेकडे, राहिला. २००८ पासून वीज विनिमय केंद्रेही सुरू झाली. तेथे उद्याच्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागासाठी बोली लागते आणि मागणी व पुरवठा जेथे जुळतात तो दर त्या वेळच्या सर्व विक्रेत्यांना सारखाच मिळतो. मार्च २०२२ मध्ये हा दर युनिटला २० रुपयांपर्यंत चढला, तेव्हा केंद्रीय आयोगाला प्रथम १२ आणि पुढील वर्षी १० रुपयांची कमाल मर्यादा घालावी लागली. बाजार मुक्त केल्यानंतरही त्याला कुंपण का लागते, याचे हे अलीकडचे उदाहरण आहे.

या मुक्त बाजारात निवड कोणाला मिळाली, हे नीट पाहिले पाहिजे. अलिबाग तालुक्यातील सामान्य घराला, मुरूडच्या कोळीवाड्याला किंवा सुधागडातील कातकरी वाडीला पुरवठादार निवडण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांच्या दारी महावितरणची तार येते आणि तीच एक येते. कायद्याच्या ४२ व्या कलमाने 'ओपन अ‍ॅक्सेस' दिला, म्हणजे वितरण कंपनीच्या तारा भाड्याने वापरून तिसऱ्याकडून वीज विकत घेण्याचा हक्क दिला. पण तो मुख्यतः एक मेगावॅट किंवा त्याहून अधिक मागणी असलेल्या ग्राहकांसाठी होता. पुढे २०२२ च्या नियमांनी हरित विजेपुरती ही अट १०० किलोवॅटपर्यंत खाली आणली. ज्या उद्योगांनी स्वतःचे किंवा भागीदारीतले वीज केंद्र उभारले आणि त्यात किमान २६ टक्के मालकी ठेवून ५१ टक्के वीज स्वतः वापरली, त्यांना स्वयंनिर्मितीच्या सवलती मिळाल्या. थोडक्यात, बाहेर पडण्याचे दार आहे, पण त्याची उंची मोठ्या ग्राहकाच्या मापाने बांधलेली आहे.

मोठा ग्राहक बाहेर पडू इच्छितो याचे कारण दरांच्या रचनेत आहे. महाराष्ट्रात कारखाने, दुकाने आणि अधिक वीज वापरणारी घरे पुरवठ्याच्या सरासरी खर्चाहून जास्त दर देतात आणि शेतीपंप व कमी वापराची घरे त्याहून कमी दर देतात. एका ग्राहकवर्गाने दुसऱ्याचा भार असा उचलण्याला 'क्रॉस सबसिडी' म्हणतात. जास्त दर देणारा ग्राहक निघून गेला तर त्याने उचललेला भार मागे राहणाऱ्यांवर पडतो. म्हणून कायद्याने निघून जाणाऱ्यावर एक अधिभार बसवला, आणि वितरण कंपनीने त्याच्या भरवशावर आधीच केलेल्या दीर्घ मुदतीच्या वीजखरेदी करारांचा बोजा वाया जाऊ नये म्हणून दुसरा, अतिरिक्त अधिभारही ठेवला. उद्योगांच्या दृष्टीने हा दंड आहे: घेतलेल्या वस्तूची किंमत दिली, वापरलेल्या तारेचे भाडे दिले, मग न घेतलेल्या विजेसाठी आणखी काय म्हणून द्यावे? दुसऱ्या बाजूला शासकीय भाषणांत हेच देणे गरिबांवरील उपकार म्हणून वर्णिले जाते. दंड आणि उपकार ही दोन्ही वर्णने अपुरी आहेत. हे देणे ऋणाच्या जातीचे आहे, आणि ते तसे मानले तरच त्याची मर्यादाही ठरवता येते.

दान आणि ऋण यांतील भेद हा केवळ भावनेचा नाही. दान देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. ते दिल्याने पुण्य लाभते, न दिल्याने अपराध होत नाही, आणि घेणाऱ्याला ते मागण्याचा हक्क नसतो. ऋणाचे सगळेच उलटे आहे: ते फेडल्याने कोणी थोर ठरत नाही, न फेडल्यास मात्र दोष लागतो, आणि ज्याचे देणे आहे तो मान खाली न घालता ते मागू शकतो. वैदिक परंपरेत माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी मानला आहे, आणि शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यऋण हे चौथे जोडले आहे, जे इतर माणसांना आसरा आणि अन्न देऊन फेडावयाचे असते. या कल्पनेचा गाभा असा की माणूस कोणतीही देवघेव करण्यापूर्वीच अशा पुष्कळ गोष्टींचा उपभोग घेऊन बसलेला असतो ज्या त्याने निर्माण केलेल्या नाहीत, आणि म्हणून त्याच्या करारांच्या यादीत त्याची सगळी देणी मावत नाहीत. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्राची मांडणी याच दिशेची आहे. तेथे मिळालेले परत न देता भोगणाऱ्याला चोर म्हटले आहे.

या विचाराचे आधुनिक मराठी भाष्यकार विनोबा भावे हे पेण तालुक्यातील गागोदे गावचे. १८९५ मध्ये तेथे त्यांचा जन्म झाला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दिलेली आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेली गीता प्रवचने महाराष्ट्रात घरोघरी वाचली गेली. १९५१ मध्ये तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदान सुरू झाल्यावर विनोबांनी जमीनदारांपुढे हात पसरला तो याचकाचा नव्हता. घरातला आणखी एक मुलगा समजून माझा वाटा द्या, असा त्यांच्या मागणीचा आशय होता, आणि दान म्हणजे न्याय्य विभागणी हा अर्थ ते शंकराचार्यांच्या आधाराने सांगत. दानाला त्यांनी हक्काच्या वाट्याचे रूप दिले, म्हणजे व्यवहारात ऋणाच्या जवळ आणले. त्याच पेण तालुक्यात आज डोलवीचा पोलाद कारखाना उभा आहे, आणि तेथून जवळच नागोठण्याचा पेट्रोरसायनांचा व थळचा खतांचा प्रकल्प आहे. अशा उद्योगांच्या वीजव्यवहाराला विनोबांची कसोटी लावावी काय, हा प्रश्न कोणाला भाबडा वाटेल. पण तो टाळण्यापूर्वी विजेचा स्वभाव पाहिला पाहिजे.

समजा, रायगडमधील एखाद्या कारखान्याने दूरच्या राज्यातील सौर उत्पादकाशी करार केला. त्या उत्पादकाने जाळ्यात ओतलेली वीज त्याच कारखान्यात पोहोचते असे मुळीच नाही. ती जवळच्या भारांकडे वाहते, आणि कारखान्याला मिळणारी वीज जवळच्या केंद्रांतून येते. करारामुळे हिशेब ठरतो, प्रवाह ठरत नाही. शिवाय वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे अजून खर्चिक असल्यामुळे प्रत्येक क्षणी निर्मिती आणि वापर यांचा तोल साधावा लागतो. हा तोल वारंवारतेवरून कळतो: भारतातील जाळ्यात प्रवाहाची सेकंदाला ५० आवर्तने अपेक्षित असतात, वापर निर्मितीपेक्षा वाढला की ती घसरतात, आणि फार घसरली तर यंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक बाजूला होतात. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतात आणि दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारतातही जाळे कोसळले तेव्हा यंत्रे अशीच एकामागून एक बाजूला झाली होती. म्हणून कागदावर विक्रेता आणि ग्राहक वेगवेगळे असले तरी तारेवर प्रत्येकाचा वापर इतर सर्वांच्या संयमावर उभा असतो. करार कोणाशीही असो, वापरली जाते ती एकाच सामायिक जाळ्यातील वीज, आणि ते जाळे स्थिर ठेवण्यात श्रीवर्धनच्या घरातल्या दिव्याचाही वाटा असतो.

रोह्यात १९२० मध्ये जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांनी अशा सामायिक संपत्तीसाठी 'अपौरुषेय लक्ष्मी' ही कल्पना मांडली. त्यांच्या स्वाध्याय परिवाराच्या 'मत्स्यगंधा' नौका मच्छीमार पाळीपाळीने चालवतात, मिळणारे उत्पन्न कोणा एकाचे मानले जात नाही, आणि त्यातून गरजूला जे दिले जाते ते प्रसाद म्हणून दिले जाते, त्यामुळे देणारा मोठा आणि घेणारा छोटा असे काही उरत नाही. वीज ही अर्थातच बाजारातील गुंतवणुकीतून निर्माण होते आणि तिला मालक असतात. तिला सरसकट अपौरुषेय म्हणणे चुकीचे ठरेल. पण तिला जे स्थैर्य मिळते ते कोणा एका मालकाचे नसते, आणि मोठ्या कारखान्याला दिवसरात्र अखंड मिळणाऱ्या पुरवठ्याच्या किमतीतला बराच भाग हे स्थैर्यच असते.

खारेपाटातील बांधांचा इतिहास येथे विचारात घेण्याजोगा आहे. अलिबाग आणि पेण यांच्यामधल्या खाडीकाठच्या जमिनी समुद्राला बांध घालून मिळवलेल्या आहेत. भरतीचे पाणी आत शिरू नये म्हणून बाहेरचा मोठा बांध सतत राखावा लागतो, आणि तो एका जागी फुटला की शंभर शेतांत खारे पाणी भरते. जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात काही भागांत असे बांध राखण्यासाठी कसणाऱ्यांकडून सरकारी साऱ्याखेरीज बिघ्यामागे धान्याचा ठरावीक वाटा घेतला जाई. त्या पद्धतीला शिलोत्री म्हणत. तो वाटा देणारा कोणावर उपकार करीत नसे आणि त्याला दंडही होत नसे. बांधाच्या आत पीक घेणे हेच त्या देण्याचे कारण होते, आणि आपले शेत बांधापासून दूर आहे म्हणून ते कोणाला चुकवता येत नसे. याच खारेपाटात धेरंड-शहापूर परिसरात औष्णिक वीज प्रकल्प प्रस्तावित झाले तेव्हा शेतकऱ्यांनी दीर्घ विरोध केला. वीज ही सर्वांची गरज असली तरी तिच्यासाठी आपली पिकती जमीन आणि आपणच राखलेला बांध का द्यावा, हा त्यांचा प्रश्न ऋणाचा हिशेब उलट बाजूने मांडणारा होता.

हा उलट हिशेब नवा नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी अडवून पश्चिमेच्या उतारावर खोपोली येथे १९१५ मध्ये, भिवपुरी येथे १९२२ मध्ये आणि भिरा येथे १९२७ मध्ये टाटांची जलविद्युत केंद्रे सुरू झाली आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. भिरा केंद्रासाठी बांधलेल्या मुळशी धरणाखाली मावळ्यांची गावे आणि भातशेती गेली. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून झालेला मुळशी सत्याग्रह अखेर अयशस्वी ठरला. भिऱ्याची जनित्रे फिरवून बाहेर पडलेले पाणी कुंडलिका नदीतून रोह्याच्या औद्योगिक वसाहतीला उपयोगी पडत रेवदंड्याच्या खाडीला मिळते. खोपोलीचे पाताळगंगेला आणि भिवपुरीचे उल्हास नदीला मिळते. पूर्वेकडे भीमा-कृष्णेला जाणारे पाणी असे कोकणात उतरले आणि त्याबरोबर मुंबईची भरभराट झाली. आजच्या दरपत्रकात या केंद्रांची वीज स्वस्त गणली जाते, कारण त्यांचा भांडवली खर्च कधीच वसूल झाला. मुळशीच्या शेतकऱ्यांनी दिलेली किंमत त्या सूत्रात कोणत्याही रकान्यात येत नाही. बाजार वर्तमानकाळातील विक्रेता आणि ग्राहक यांनाच ओळखतो, पूर्वजांच्या वतीने देणेकरी किंवा घेणेकरी असणे त्याला समजत नाही. पितृऋणाची कल्पना नेमके हेच सांगते, आणि तिचा अर्थ श्राद्धापुरता ठेवण्याचे काही कारण नाही.

भिरा सुरू झाले त्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, त्याच कुलाबा जिल्ह्यात महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. या सत्याग्रहाचा अर्थ मानवी प्रतिष्ठेचा आहे आणि विजेच्या दराशी त्याची बरोबरी करणे अनुचित ठरेल. तरी पुढच्या खटल्यात जो कायदेशीर प्रश्न निर्माण झाला तो येथे महत्त्वाचा आहे. तळे ही आसपासच्या सवर्ण रहिवाशांची खाजगी मालमत्ता आहे असा दावा करण्यात आला, आणि तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९३७ मध्ये आंबेडकरांच्या बाजूने निकाल लागेपर्यंत दहा वर्षे गेली. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्येच सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता आणि महाड नगरपालिकेने तो स्वीकारलाही होता. कागदावरचा हक्क हातात येण्यासाठी माणसांना तळ्यापर्यंत चालत जावे लागले. सामायिक गोष्टीवर मालकी कोणाची आणि तिचा उपयोग कोणाला, हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्याची दृष्टी आंबेडकरांनी पुढे विजेलाही लावली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री असताना, १९४३ मध्ये, सार्वजनिक बांधकामे आणि वीज यांविषयीच्या धोरण समितीपुढे त्यांनी वीज खाजगी मालकीची असावी की शासनाच्या, आणि खाजगी असल्यास जनहिताच्या रक्षणासाठी कोणत्या अटी घालाव्यात, हा प्रश्न ठेवला; स्वस्त आणि मुबलक विजेवाचून औद्योगिकीकरण नाही आणि त्यावाचून दारिद्र्यातून सुटका नाही, अशी त्यांची भूमिका होती. मालकीच्या प्रश्नापाठोपाठ अटींचा प्रश्न आलाच पाहिजे, हे त्यांनी साठ वर्षांनी येणाऱ्या कायद्याच्या आधी ओळखले होते.

२००३ च्या कायद्यात अशी एक अट ४३ व्या कलमात आहे: आपल्या क्षेत्रात मागेल त्याला वीज देणे वितरण परवानाधारकावर बंधनकारक आहे. हे बंधन व्यापाऱ्यावर नाही, विनिमय केंद्रावर नाही आणि निर्मात्यावरही नाही. त्याचे मोल घारापुरीला कळले. लेण्यांतील शिवाच्या दर्शनासाठी जगभरातून लोक येतात ते हे बेट उरण तालुक्यात आहे. तेथील शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या वस्त्यांतून समोर मुंबईचे दिवे दिसत, पण खुद्द बेटाला जाळ्याची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्रतळाखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकल्यानंतर. तीन वस्त्यांच्या वीजबिलांतून त्या केबलचा खर्च वसूल होईल असा हिशेब कोणताही विक्रेता मांडू शकला नसता. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा नारळी-सुपारीच्या वाड्यांबरोबर हजारो विजेचे खांब आडवे झाले आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांतील कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. ते खांब पुन्हा उभे केले महावितरणच्या कामगारांनी, राज्याच्या इतर भागांतून आलेल्या त्यांच्या पथकांनी आणि त्यांच्याबरोबर खड्डे खणणाऱ्या गावकऱ्यांनी. ज्याच्याकडे जनित्र होते त्याचा बंगला त्या रात्रींतही उजळला असेल. मात्र पिण्याच्या पाण्याचा पंप, दवाखाना आणि मासळीसाठी लागणारा बर्फाचा कारखाना खांबांचीच वाट पाहत होते. संकटात उभे राहण्याचे कर्तव्य ज्याच्यावर आहे त्याच्या खर्चात सुस्थितीतील प्रत्येकाचा वाटा असला पाहिजे, हे यातून निघते. वीजबिलातील स्थिर आकार आणि वहन आकार, म्हणजे वीज वापरली नाही तरी द्यावयाची रक्कम आणि तारांच्या उपयोगाचे भाडे, यांना नैतिक आधार आहे तो हाच.

तथापि ऋणाची कल्पना दुधारी आहे. ज्या ऋणाला माप नाही आणि ज्याचा हिशेब धनको दाखवत नाही, ते सावकारी होते. कोकणातल्या कुळांनी खोतांच्या काळात हे पुरेसे अनुभवले आहे. उद्योगांच्या तक्रारीत या दृष्टीने तथ्य आहे. महाराष्ट्रातील शेतीपंपांचा मोठा भाग वर्षानुवर्षे मोजमापाविना राहिला, त्यांचा वापर अंदाजाने धरला गेला, आणि त्या अंदाजाच्या आड गळती व चोरी लपते, असे पुण्याच्या 'प्रयास'सारख्या अभ्यासगटांनी आयोगासमोर सातत्याने मांडले. शिवाय राज्यशासनाला एखाद्या वर्गाला सवलत द्यावयाची असेल तर तिची रक्कम आगाऊ भरावी, असे कायद्याचे ६५ वे कलम सांगते; ही सवलत करदात्यांनी उचलावी की शेजारच्या वीजग्राहकाने, हा रास्त प्रश्न आहे. रायगडच्या कारखान्याने मराठवाड्यातील पंपाचा भार उचलावा यासाठी दोघे एकाच जाळ्यावर आहेत एवढे कारण पुरेसे आहे; पण त्या पंपाच्या नावावर दुसऱ्याच कोणाची अकार्यक्षमता उचलण्यास कोणतेही कारण पुरेसे नाही. ऋण मान्य करणाऱ्यालाच हिशेब मागण्याचा अधिकार पोहोचतो, आणि दानाची भाषा तो अधिकार बोथट करते, कारण दान दिल्यावर त्याचे काय झाले हे विचारणे अशिष्ट मानले जाते.

किरकोळ ग्राहकालाही निवड मिळाल्यास काय घडते, याचे जवळचे उदाहरण खाडीपलीकडे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २००८ च्या निकालानंतर मुंबईच्या उपनगरांत टाटा पॉवरला त्या वेळच्या रिलायन्सच्या ग्राहकांनाही वीज देता येऊ लागली आणि पुष्कळ ग्राहक स्थलांतरित झाले. अधिक वापराचे, म्हणजे फायद्याचे ग्राहक आधी जातात आणि मागे राहिलेल्यांचा दर चढतो, ही तक्रार पुढे आली; स्थलांतरितांवर अधिभार बसला, आणि २०१२ मध्ये आयोगाने काही काळ महिना ३०० युनिटांपर्यंतच्या छोट्या ग्राहकांनाच वळवून घेण्याचे बंधन घातले, ज्यावर पुढे अपिले झाली. ब्रिटनमध्ये २०२१ मध्ये वायूचे भाव भडकल्यावर सुमारे तीस छोटे पुरवठादार बुडाले आणि त्यांच्या ग्राहकांना अन्य कंपन्यांकडे सोपवण्याचा खर्च देशातील सर्वच ग्राहकांच्या बिलांत पसरला. त्याच वर्षी फेब्रुवारीतील हिमवादळात अमेरिकेच्या टेक्सास राज्यात घाऊक दराने वीज घेणाऱ्या काही घरांना काही दिवसांसाठी हजारो डॉलरची बिले आली. स्पर्धा वाईट आहे असे यातून सिद्ध होत नाही. स्पर्धेमुळे निर्मितीत कार्यक्षमता आली आणि सौर विजेचे भाव उतरले, हे नाकारता येणार नाही. एवढेच दिसते की अखेरचा भार घेणारा कोणीतरी असावाच लागतो आणि त्याचा खर्च शेवटी सर्वांत वाटला जातो.

२०२२ मध्ये हा प्रश्न रायगडच्या दाराशी आला. अदानी समूहाच्या कंपनीने नवी मुंबई, पनवेल, तळोजे आणि उरण या महावितरणच्या क्षेत्रात समांतर वितरण परवान्यासाठी आयोगाकडे अर्ज केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये तिन्ही शासकीय वीज कंपन्यांचे कर्मचारी त्याविरुद्ध संपावर गेले. शासनाशी चर्चा झाल्यावर त्याच दिवशी संप मागे घेण्यात आला. या अर्जाच्या क्षेत्राची सीमा बोलकी आहे. बंदर, गोदामे, कारखाने आणि वाढती शहरे तिच्या आत येतात. म्हसळा, तळा, पोलादपूर आणि श्रीवर्धन बाहेर राहतात. अर्जदाराचा यात दोष नाही, कारण जेथे मागणी दाट तेथेच धंदा करणे हे व्यापाराला साजेसे आहे. परवाना देताना लावण्याची अट मात्र सार्वजनिक विवेकाने ठरवावयाची आहे: उरणचे उत्पन्न ज्याच्याकडे जाईल त्याच्यावर निसर्गसारख्या वादळानंतर श्रीवर्धनचे खांब उभे करण्याच्या खर्चाचा वाटा परवान्याच्या अटींतच, आकड्यांसह, नोंदला गेला पाहिजे. तसे होत नसेल तर निवडीचे स्वातंत्र्य ज्यांना मिळाले त्यांनी बांधाच्या आतले पीक नेले आणि बांध दुसऱ्यांवर टाकला, असेच म्हणावे लागेल.

२००३ च्या मूळ कायद्यात क्रॉस सबसिडी क्रमाक्रमाने कमी करून ती संपवावी असे म्हटले होते. २००७ च्या दुरुस्तीने कमी करण्याचे ध्येय ठेवले आणि संपवण्याची अट काढून टाकली. संसदेने असे करताना ऋणाचा सिद्धान्त मनात धरला होता असे नव्हे. राजकीय व्यवहार्यतेचे कारण अधिक संभवते. पण परिणाम असा की हे देणे किती असावे हा प्रश्न कायद्याने खुला ठेवला आणि ठरवण्याची जागा आयोगाच्या दरनिश्चितीत दिली. कायद्याच्या ६४ व्या कलमानुसार दरवाढीची याचिका जाहीर करावी लागते आणि तीवर कोणालाही हरकत नोंदवता येते. औद्योगिक ग्राहकांच्या संघटना तेथे सनदी लेखापाल आणि वकील घेऊन जातात, आणि त्यांनी जावेही. बर्फाच्या कारखान्यावर अवलंबून असलेल्या मच्छीमार सोसायट्या, खारेपाटातील शेतकरी आणि घारापुरीची ग्रामपंचायत यांच्या हरकतीही त्याच टेबलावर, त्याच तपशिलाने आणि आकडे घेऊन जाणे, ही या किनाऱ्यावरील सहकारी संस्था आणि महाविद्यालये यांनी हाती घेण्यासारखी गोष्ट आहे. त्यासाठी लागणाऱ्या याचिका, आदेश आणि दरपत्रके मराठीतून समजावून देणारी माणसे प्रथम तयार करावी लागतील.